साडेसहाशे किलोची स्पोर्ट्‌स कार आणि उसाचा काटा

प्रश्न साताऱ्याच्याच एका तरुणाचा आहे. चाकणला नोकरी, शनिवार-रविवार घरी, हाताशी दहा-बारा लाख. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मला अडीचशे एचपीची गाडी नको. दोन सीट, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद, कमी वजन. मोठी स्क्रीन नको, सनरूफ नको. अशी साधी, स्वस्त स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे कोणी का काढत नाही? एवढ्या लोकांना हवी आहे, मग अडतंय कुठं? आणि तोवर मी काय घेऊ?"

तीस वर्षं साताऱ्यात गॅरेज चालवतोय. त्यातली दहाएक वर्षं ऑटोक्रॉसच्या शर्यतींना उतरणाऱ्या पोरांच्या एस्टीम आणि जिप्सी तयार करण्यात गेली. म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

पहिली गोष्ट, "एवढ्या लोकांना हवी आहे" यातल्या "हवी"कडे नीट बघा. आमच्याकडे चहाच्या वेळी हा विषय महिन्यातून एकदा तरी निघतो. सगळ्यांना हवी असते. मग मी विचारतो, आणली समजा कोणी, उद्या बुकिंगचे पैसे भरणार का? तिथून यादी सुरू होते. एसी तर लागणारच, आपल्याकडे एप्रिल-मे कसा असतो माहितीये ना. मागं पोरांपुरती तरी सीट पाहिजे. खालनं घासायला नको, आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर बघितलाय का? गावाकडनं येताना जोंधळ्याचं एक पोतं तरी बसलं पाहिजे. आणि विकताना किंमत आली पाहिजे. यादी संपेपर्यंत जी गाडी उभी राहते तिला स्विफ्ट म्हणतात, आणि ती शोरूममध्ये आधीच उभी आहे.

हा प्रकार कंपन्यांना पुरता ठाऊक आहे. मारुतीच्या जिम्नीचं उदाहरण ताजं आहे. कितीतरी वर्षं लोक "जिम्नी आणा, जिम्नी आणा" म्हणून मागं लागले होते. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, १२.७४ लाखांपासून. हलकी, छोटी, खरी फोर बाय फोर. परदेशात ती चांगली जाते, पण आपल्याकडे विक्री थारच्या जवळपासही फिरकली नाही. मागणारे खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. गाडी बघून खूश होणारे वेगळे आणि चेक फाडणारे वेगळे, एवढंच.

जगाचा आकडाही बघून घ्या. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये जगात सगळ्यात जास्त खपलेली गाडी म्हणजे माझदाची एमएक्स-५. ती १९८९ ला आली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. सत्तावीस वर्षांत दहा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी सदतीस हजार, तेही अमेरिका, जपान, युरोप सगळं धरून. आपल्याकडे एकटी स्विफ्ट तेवढा खप दोन-अडीच महिन्यांत करते. जगज्जेत्याची ही गत, तर भारतात पहिल्यांदाच येणाऱ्या दोन सीटच्या गाडीचा अंदाज कंपनीच्या हिशेबनिसाने काय धरायचा?

तरीही तुमचं मागणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. उलट गाडीतला खरा मुद्दा तुम्ही पकडलाय, तो म्हणजे वजन. हा मुद्दा मला पुस्तकात कळला नाही, सोमवारच्या सकाळी कळला. महाबळेश्वर-पाचगणी करून आलेल्या गाड्या सोमवारी आमच्याकडे लागतात. डिस्क निळी पडलेली, पॅड काचेसारखे गुळगुळीत, "पसरणी घाटात जळका वास आला हो" अशी तक्रार. पाचगणी ते वाई सुमारे सहाशे मीटरची उतरण. त्या उतरणीची सगळी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. थोडी इंजिन खातं, उरलेली ब्रेकची उष्णता होते. सातशे किलोच्या गाडीपेक्षा चौदाशे किलोच्या गाडीत ही ऊर्जा दुप्पट. वर ऑटोमॅटिक गिअर आणि चालकाचा पाय घाटभर ब्रेकवर! जुनी मारुती ८०० या तक्रारीसाठी आल्याचं मला आठवत नाही, आणि तिचे ब्रेक काही फार भारी नव्हते.

वळणावरही तेच. टायरवर वजन दुप्पट टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. त्यामुळं जड गाडीला रुंद टायर लागतात, रुंद टायरला मोठी रिम, मोठ्या रिमला सस्पेन्शनचे दणकट आर्म आणि हब (चाकाचा मधला भाग). ते सगळं हलवायला मोठं इंजिन, आणि त्या इंजिनला थांबवायला पुन्हा मोठे ब्रेक. जड गाडी स्वतःच्या वजनाचं व्याज भरत राहते. हलकी गाडी उलट्या बाजूनं जाते. शंभर किलो काढले की बाकीच्या भागांतून अजून काही किलो आपोआप निघतात. पॉवर स्टिअरिंगसुद्धा लागत नाही, आणि रस्ता हातात कळतो तो तेव्हाच.

यवतेश्वरचा घाट मारुती ८०० मधून चढताना चाळीसच्या वेगात जे वाटतं, ते आजच्या मोठ्या गाडीत ऐंशीलाही वाटत नाही. तुम्हाला हवीये ती हीच गंमत. (कासच्या हंगामात तिथं चाळीसही गाठता येत नाही, हा भाग वेगळा.)

आता अडतंय कुठं ते सांगतो. तुमच्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय की स्क्रीन, पॉवर विंडो, सनरूफ काढून टाकलं की गाडी स्वस्त होईल. बहुतेकांना असंच वाटतं. पण लाखांनी बनणाऱ्या गाडीत या वस्तू कंपनीला फार स्वस्तात पडतात. ग्राहक त्यांचे जास्त पैसे देतो म्हणून तर त्या गाडीत असतात. खरा खर्च डोळ्याला दिसत नाही. पत्रा दाबायच्या डाय, इंजिनचं कॅलिब्रेशन, बीएस-६ च्या (धुराच्या नियमांच्या) चाचण्या, क्रॅश टेस्टमध्ये फोडायच्या गाड्या, एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता. भारतात समोरच्या आणि बाजूच्या धडकेचे नियम ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना लागू झाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६. हे सगळं चांगलंच झालं. पण हा खर्च तुम्ही एक गाडी विका किंवा एक लाख विका, तेवढाच येतो.

एक हिशेब मांडून बघू. आकडा माझा, निव्वळ समजण्यापुरता. समजा या न दिसणाऱ्या खर्चाला दोनशे कोटी लागले. हॅचबॅक पाच लाख गाड्या विकते, तर एका गाडीवर चार हजार रुपये पडतात. स्पोर्ट्‌स कार पाच वर्षांत दहा हजार विकली, आणि मी उदारपणे धरतोय, तर एका गाडीवर दोन लाख. म्हणजे गाडीतून तुम्ही पन्नास हजारांचं सामान काढलं आणि दोन लाखांचा न दिसणारा बोजा चढवला. साधी गाडी महाग पडते ती अशी.

याच कारणानं मोठमोठ्या कंपन्याही एकमेकींच्या खांद्यावर हात टाकतात. टोयोटा आणि सुबारूनं २०१२ ला एकच गाडी दोन नावांनी काढली. खुद्द माझदानंही एमएक्स-५ च्या सांगाड्यावर फियाटला १२४ स्पायडर हिरोशिमात बनवून दिली. होंडाची ६६० सीसीची छोटी एस६६० किती गोड गाडी होती, मार्च २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

अजून एक गैरसमज. छप्पर काढलं की गाडी हलकी होते. वीसेक वर्षांपूर्वी एका हौशी माणसानं दुसऱ्या शहरातून मारुती ८०० चं छप्पर कापून आणलं होतं, "बाकीचं फिनिशिंग तुम्ही करा" म्हणून. जॅकवर चढवली तर दार उघडेना, खाली घेतली तर लागेना. आजच्या बहुतेक गाड्यांत वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, छपरासकट सगळा डबाच चासीचं काम करतो. खोक्याचं झाकण फाडल्यावर खोकं कसं पिळतं ते बघा. ती पीळ थांबवायची तर खालून पट्ट्या, दाराखालच्या सिलमध्ये पाइप, खांबांना आधार घालावा लागतो. सगळं मिळून छपराच्या पत्र्यापेक्षा जास्त वजन होतं. मी त्याला हात लावायला नकार दिला. पुढं त्या गाडीचं काय झालं, मी विचारलं नाही.

मग ज्यांना जमलं त्यांनी कसं केलं? दुसऱ्याच्या गाडीचं सामान उचलून. इंग्लंडमध्ये १९५८ ला ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. ९४८ सीसीचं इंजिन ऑस्टिनच्या छोट्या फॅमिली कारचं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. दाराला बाहेरून हँडलसुद्धा नव्हतं आणि डिकीला झाकण नव्हतं, सामान सीटच्या मागून आत ढकलायचं. तिच्या वर्षभर आधी कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन आली होती. ती सुट्ट्या भागांत मिळायची आणि लोक घरी जोडायचे, कारण सुट्ट्या गाडीवर तिकडचा खरेदी कर लागत नव्हता. ती गाडी १९७३ पासून केटरहॅम बनवते. तिच्या सगळ्यात छोट्या मॉडेलमध्ये काय आहे माहितीये? सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, मागं सुझुकीचाच सलग ॲक्सल. वजन ४४० किलोच्या आसपास, ताकद ८४ एचपी. आपल्या ओम्नीची लांबची चुलत बहीणच म्हणा.

चुलत बहीण मी गमतीनं म्हटलं, पण सख्ख्या नात्याचंही एक उदाहरण आहे. १९९१ ला जपानमध्ये आलेल्या सुझुकी कॅपुचिनोचं ६५७ सीसीचं इंजिन आणि आपल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन एकाच एफ कुळातले. एकाला टर्बो लावून सातशे किलोच्या दोन सीटच्या गाडीत बसवलं. दुसऱ्यानं आपल्याकडे पाच माणसं आणि छपरावर बोजा घेऊन देश फिरवला.

भारतात हे ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं उमगलं तो माणूस कोइमतूरचा, एस. करिवर्धन. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती ही एका सीटची रेसिंग गाडी बनवली आणि त्यामुळं मध्यमवर्गातली पोरं ट्रॅकवर उतरू शकली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचा ट्रॅक आजही कोइमतूरला आहे. रस्त्यावरच्या गाड्यांचं मात्र जमलं नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, दोन सीट, उघडं छप्पर. कल्पना अगदी तुमच्या मनातली, पण फार विकली गेली नाही. टाटांनी २०१७ ला जिनिव्हात टॅमो रेसमो दाखवली, १.२ लिटर टर्बो, १९० पीएस (पीएस म्हणजे जवळपास एचपीच). ती विक्रीला आलीच नाही.

आता माझं आवडतं घोडं पुढं करतो. आपल्याकडे आजही मागच्या चाकांना ताकद देणारी, गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनाची, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल गाडी बनते आणि भरपूर खपते. तिचं नाव मारुतीची ईको. हसू नका. ११९७ सीसी, ८१ पीएस, सुटे भाग अगदी कोरेगाव-रहिमतपूरलाही मिळतात. ते इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचा ॲक्सल साडेसातशे किलोच्या दोन सीटच्या बॉडीत बसवला तर टनाला १०८ पीएस पडतात. पहिल्या एमएक्स-५ ला साधारण १२० होते. म्हणजे आपण फार मागं नाही, आणि साडेसहाशे किलोत जमवलं तर आपण पुढं. करही मदतीला येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याच्यावर गेलं की ४० टक्के. गंमत बघा, आजची एमएक्स-५ लांबीला ३९१५ मिलिमीटर आहे, पण इंजिन दीड लिटरचं. इथंच बनवली तरी चाळीस टक्क्यांत गेली असती. आपली ईकोवाली अठरात बसते.

हे करणार कोण, तर जी कंपनी ईको बनवते तीच करू शकते. गॅरेजवाल्याचं ते काम नाही, आणि हे मी अनुभवावरून सांगतोय.

२००९ च्या सुमाराला मी आणि माझा एक मित्र, उसाच्या ट्रॉल्या बनवणारा फॅब्रिकेटर, दोघांनी भंगारातली ओम्नी घेतली आणि पाइपचा सांगाडा करून त्यात तिचं इंजिन-गिअरबॉक्स बसवलं. पहिला सांगाडा मित्रानं सवयीनं केला. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढून काट्यावर नेली तर ६१० किलो. काटेवाला म्हणाला, ऊस कुठाय? ट्रॉलीवाल्याच्या हाताला हलकं काम जमत नाही, त्याला वीस टनांची सवय. सांगाडा पुन्हा केला, पातळ भिंतीचा पाइप, त्रिकोण जास्त, चौकोन कमी. दुसऱ्यांदा काट्यावर ४८० आलं. तो काटा दहा-दहा किलोनं सरकतो, तेव्हा पाच-दहा इकडंतिकडं. इंजिन ३५ एचपीच्या आसपासचं, चाकं बारा इंची. कागदावर काहीच नाही. पण मित्राच्या शेतातल्या मुरमाच्या रस्त्यावर ती चालवून आलेला प्रत्येक माणूस खाली उतरताना हसत होता, आणि त्यात एक बँकेचे निवृत्त मॅनेजरही होते.

पासिंग अर्थातच मिळालं नाही. मिळणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. मान्यता नसलेला सांगाडा रस्त्यावर सोडायचा नाही, यात आरटीओची काही चूक नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्यामुळं "ओम्नीचं आरसी बुक आहे, वर बॉडी बदलू" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याकडं पैसे देऊ नका. अपघात झाला तर विमाही हात वर करेल.

हलकं कसं करायचं हे शिकायचं असेल तर सांगलीच्या वालचंद किंवा राजारामनगरच्या आरआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजांची बाहाची टीम बघा. बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या गाड्यांची स्पर्धा. त्या स्पर्धेत सगळ्यांना ठरावीक दहा एचपीचं इंजिन. ताकद वाढवायची सोय नाही, म्हणून पोरं बोल्टसुद्धा काट्यावर ठेवतात.

एक उत्तर राहिलंच. मागणी जाते कुठं? ती दुचाकीवर जाते. आपल्या देशातली स्वस्त, हलकी, साधी स्पोर्ट्‌स कार म्हणजे ड्यूक ३९०. चाकणलाच बनते, तुमच्या कंपनीच्या शेजारी. २०१३ ला आली तेव्हा १.८० लाखाला ४३ एचपी होते. इंग्लंडात पावसाळी रविवारी उघड्या दोन सीटच्या गाडीतून कुडकुडत फिरणारा जो तरुण, तो आपल्याकडं बाइकवर असतो. त्याचं लग्न होतं, मूल होतं, बाइक विकते आणि तो थेट पाच सीटच्या गाडीवर येतो. मधली पायरी चढायला त्याला सवडच मिळत नाही. थारनं एवढं मात्र दाखवलं की तीन दारांची, गैरसोयीची गाडी लोक हौसेनं घेतात. पण ती उंच आहे, दांडगी दिसते, रस्त्यावर समोरचा बाजूला होतो. तुमची गाडी ट्रकच्या हबच्या उंचीची असेल. खंबाटकी चढताना शेजारी ऊस भरलेला ट्रक आला की हा मुद्दा आपसूक पटतो.

तर दहा-बारा लाखांत काय करायचं. नवीच हवी असेल तर स्विफ्टचं मॅन्युअल घ्या, साडेनऊशे किलोच्या आत आहे. इग्निस त्याहून हलकी, साडेआठशेच्या आसपास, आणि दिसायला साधी असली तरी घाटात खोडकर आहे. जुनी चालत असेल तर बलेनो आरएस किंवा पोलो जीटी टीएसआय. पोलोचा डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स मात्र जाणत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका. मी असतो तर २००५ ते २०१० मधली पहिली स्विफ्ट, १.३ पेट्रोल, नीटनेटक्या माणसाकडून, म्हणजे ज्यानं सर्व्हिसची बिलं जपून ठेवलीत अशाकडून घेतली असती. गाडी बघताना बॉनेट उघडून स्ट्रटच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) डोक्याशी गंज बघा, कोकणात राहिलेली गाडी तिथं बोलते. थंड गाडी सुरू करून दुसरा गिअर टाकून बघा, कुरकुरला तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारा भाग) गेलंय.

मग उरलेल्या पैशांतून पहिले टायर, चांगले चार. नंतर बुश (सस्पेन्शनचे रबरी जोड) आणि शॉकॲब्सॉर्बर, कंपनीचेच. ब्रेक ऑइल बदला, लोक दहा-दहा वर्षं बदलत नाहीत. स्टेपनीचा डबा उघडून आतलं गोडाऊन रिकामं करा. एका ग्राहकाच्या डिकीतून मी एकदा अकरा किलोचा पाटा काढलाय, वाटणाचा. एअर फिल्टर आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर एक रुपया घालू नका. हे सगळं झाल्यावर कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथं महिन्यातून एक सकाळ घालवा. घाट हा ट्रॅक नाही, तिथं समोरून एसटी येते.

आमची ती ओम्नीवाली अजून मित्राच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालतो आणि बॅटरी जोडून सुरू करतो. कधी यायचं असेल तर सांगा. शेताच्या फाटकापर्यंत चालवायला देईन, फाटकाच्या पुढं नाही.